सपाट कार्टूनच्या थ्रीडी मॉडेलला एकच पक्का आकार हवा का?

रेघोटी
माझं ठाम मत: मॉडेल कुठूनही पाहिलं तरी एकच असावं. कॅमेरा फिरला की चेहरा गुपचूप बदलणारी रिग (मॉडेल हलवणारा सांगाडा) म्हणजे नसती उठाठेव. समोरचं आणि बाजूचं चित्र एका मापात आणा. टाळू, डोळे, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा इथून आडव्या रेषा ओढा. रेष जुळत नसेल तिथे आधी चित्र दुरुस्त करा, मगच ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) उघडा. अर्धंच शरीर घडवून मिरर लावा, दुसरी बाजू आपोआप बनते. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती गोल लूप (जाळीतल्या कडांची सलग वर्तुळं), कोपर-गुडघ्याला तीन-तीन. एकाच लूपवर कोपर वाकवलं तर ते पाण्याच्या नळीसारखं चेपतं.

तिरकी_नजर
साफ असहमत. "चित्र दुरुस्त करा" म्हणजे चित्रकाराने जीव ओतलेली जागाच पुसा! मिकी माऊसचे कान घ्या. डोकं वळलं तरी चित्रात दोन्ही कान पूर्ण गोल. असा आकार त्रिमितीत नाहीच. चकती केली तर बाजूने काठी दिसते, गोळा केला तर डोक्यावर दोन चेंडू. कान कॅमेऱ्याकडे वळते ठेवावे लागतात, शिवाय टाळूवरून सरकवावे लागतात.

आणि समोर-बाजू जुळवण्याच्या नादात थ्री-फोर्थ (समोर आणि बाजू यांच्या मधला तिरका कोन) बिघडतो, जो कोन प्रेक्षक सर्वाधिक पाहतो. गाल सपाट होतो, पलीकडचा डोळा नाकामागे दडतो. मी तर थ्री-फोर्थ आधी पक्का करा म्हणेन. मग ०, ४५ आणि ९० अंशांना वेगळी शेप की (त्या कोनासाठी घडवून साठवलेला आकार), आणि डोकं-कॅमेरा यांच्यातल्या कोनावर ड्रायव्हर (कोनानुसार की आपोआप बदलणारी जोडणी). फक्त एका की-तून दुसरीत सावकाश सरकू देऊ नका. अधल्यामधल्या कोनात ओठ चुरगळतात, दात गालातून बाहेर येतात. सरळ उडी मारा. 'द पीनट्स मूव्ही'त (२०१५) चार्ली ब्राउनचं डोकं असंच ठरावीक कोनांत उडी मारतं, आणि हालचालही बहुतांशी दोन-दोन फ्रेम धरून आहे, म्हणजे एक पोझ दोन फ्रेम टिकते.

साचेकार
मॉडेल जाणार कुठे, हे आधी ठरवा. व्हीआरमध्ये दोन डोळे म्हणजे दोन कॅमेरे. कान कोणाकडे वळवणार? साध्या शॉटमध्येही भिंतीवरची सावली दिव्याच्या दिशेने पडते. कॅमेऱ्यासाठी वळवलेल्या कानाची सावली तिथे वेडीवाकडी उमटते, म्हणून सावलीसाठी वेगळं अदृश्य मॉडेल ठेवावं लागतं. थ्रीडी प्रिंटला तर एकच आकार, पळवाट नाही. केसांची टोकं २ मिमीपेक्षा बारीक ठेवलीत तर छपाईचे आधार काढतानाच तुटतात. मोठं डोकं, काडीसारखी मान असेल तर मानेत भोक ठेवून तार घाला.

रेघोटी
@तिरकी_नजर, कान मान्य. पण लोक ज्याला आकाराचा दोष म्हणतात, तो निम्म्या वेळा छटेचा आणि बाह्यरेषेचा असतो. बाह्यरेषेसाठी सॉलिडिफाय (मॉडेलवर जाड थर चढवणारं साधन) लावा: ऑफसेट १ (थर बाहेरच्या बाजूला), नॉर्मल (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते सांगणाऱ्या दिशा) उलटे, दुसरं काळं मटेरियल, त्यावर बॅकफेस कलिंग (पाठमोरी बाजू न दाखवणं) चालू. त्याआधी स्केल अप्लाय केलं (बदललेलं माप पक्कं केलं) नसेल तर रेघ कुठे जाड, कुठे बारीक येते. चेहऱ्यावर दोन छटांचा शेडर (छटा ठरवणारी मांडणी) लावला की नाकाशेजारी सावलीचे घाणेरडे तुकडे पडतात. तेव्हा डोक्याएवढ्या साध्या गोळ्याचे नॉर्मल डेटा ट्रान्सफरने (एका मॉडेलची माहिती दुसऱ्यावर नेणारं साधन) चेहऱ्यावर घ्या. 'गिल्टी गिअर Xrd' या व्हिडिओ गेममध्ये (२०१४) नॉर्मल हातानेच बसवले होते. आकार न बदलता चित्रपण येतं ते असं.

तिरकी_नजर
त्याच खेळात हाडं ताणून, फुगवून पोझ कॅमेऱ्यासाठी बसवल्या आहेत, तेही सांगा की! मूठ पुढे आली की ती प्रत्यक्षात मोठी केलेली असते.

नॉर्मलची युक्ती मात्र मी बिनशर्त घेतो. लेन्सचंही पाहा. ३५ मिमीवर जवळून चेहरा टिपला की नाक फुगतं, कान मागे पळतात, आणि दोष मॉडेलला दिला जातो. ८५ ते १०० मिमी ठेवा, कॅमेरा मागे न्या, मग ठरवा शेप की किती लागतात. बऱ्याचदा तीनाच्या जागी दोन पुरतात.

साचेकार
दोन पुरतात ते मान वर-खाली होत नाही तोवरच. वरून पाहिलं की हनुवटी गायब होते. त्या कोनासाठी तिसरी की हवीच.