मदत हवी आहे: गंजलेली टाटा ४०७ घरीच दुरुस्त करायची आहे, रेड ऑक्साइडखालून गंज परत वर येतोय

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी टाटा एसएफसी ४०७, १९९६ची. इंजिन ४९७ एसपी, डिझेलचा इनलाइन पंप. मुक्काम रत्नागिरी तालुका, घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. गाडीने बरीच वर्षं बर्फातल्या मासळीच्या पेट्या वाहिल्या. गेले तीन पावसाळे शेडमध्ये उभी आहे आणि तेव्हापासून इंजिन फिरवलेलं नाही. आरसी हातात आहे, फिटनेस संपलेला आहे.

सध्याची अवस्था: केबिनच्या फ्लोअरला रबर मॅटखाली हात जाईल एवढी दोन भोकं. दरवाजांच्या खालच्या कडा खाल्लेल्या. चॅसिसवर, विशेषतः हौद्याखालच्या भागात, पापुद्रे सुटतात. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) गंजून एकमेकांना चिकटलेत. मे महिन्यात चॅसिसचा पुढचा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करून रेड ऑक्साइडचे दोन हात मारले होते. आता सप्टेंबरात त्याच जागी फोड आलेत, फोडले की आत काळपट ओलसर गंज.

प्रश्न: १) रंग का टिकला नाही? २) सुरुवात कुठून करू, इंजिन की पत्रा? ३) चॅसिस वाचेल का हे कसं ठरवायचं? साधनं: ४ इंची ग्राइंडर, छोटा कॉम्प्रेसर, आर्क वेल्डिंग मशीन, चेन पुली, चार घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड).

पत्राकाम

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे: मासळीचं पाणी. बर्फ वितळून पेट्यांतून गळणारं पाणी खारट असतं. ते हौद्याच्या फटींतून चॅसिसवर पडतं आणि त्यातलं मीठ गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतं. तारेचा ब्रश वरचा गंज घासतो, खड्ड्याच्या तळापर्यंत पोचत नाही. उलट उरलेला गंज घोटून चकचकीत करतो, त्यामुळे पत्रा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. वरून रेड ऑक्साइड मारला की त्या थरातून हवेतली वाफ आत जाते, मीठ ती धरून ठेवतं, आणि रंगाखाली गंजायचं काम चालू राहतं. फोडातला काळपट ओलावा ही त्याचीच खूण.

म्हणून ग्राइंडरच्या आधी पाणी. क्रम असा ठेवा:

सैल पापुद्रे चिपिंग हातोडीने आणि पत्र्याच्या खरवडणीने पाडा. ग्रीस आणि जुनं ऑइल डिटर्जंटच्या गरम पाण्याने काढा. मग प्रेशर वॉशरने गोड्या पाण्याने धुवा, एकदा नव्हे, तीन-चार दिवस रोज. चॅसिसची चॅनल (लांब दांडे) आतून, क्रॉस मेंबरचे (आडव्या दांड्यांचे) सांधे, स्प्रिंग हँगरच्या मागची जागा, सगळीकडे नोझल घाला. यानंतर ग्राइंडिंग, आणि ग्राइंडिंगनंतर पुन्हा धुणं, कारण आता खड्डे उघडे झालेले असतात.

मीठ गेलं का हे पाहायला साधी चाचणी आहे. वाळलेल्या उघड्या लोखंडावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी बाटलीने फवारा आणि रात्रभर ठेवा. सगळीकडे सारखी फिकट तांबूस झाक आली तर ठीक. खड्ड्याखड्ड्यांत गडद ठिपके आले तर त्या जागी अजून मीठ आहे, परत धुवा.

खाडीकाठ

हे लक्षातच आलं नव्हतं, आभार. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते चालेल? आणि सँड ब्लास्टिंग करून घेतलं तर?

पत्राकाम

मचूळ पाणी नको, त्यात तेच मीठ आहे. अजून पाऊस पडतोय तोवर पागोळीचं पाणी पिंपांत भरून ठेवा. शेवटचं धुणं त्यानेच करा.

ब्लास्टिंग चॅसिससाठी उत्तमच, खड्ड्याच्या तळापर्यंत तेच पोचतं. पण समुद्राची वाळू कोणी वापरत असेल तर नको: एक तर त्यात मीठ, आणि वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची जातात. गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरणारा शोधा. केबिनच्या सपाट पत्र्यावर मोठ्या दाबाने मारू देऊ नका, पत्रा लाटेसारखा वाकतो आणि तो सरळ होत नाही. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर. आपल्या किनाऱ्यावर उघडं लोखंड रात्र काढत नाही.

ब्लास्टिंग जमत नसेल तर खड्ड्यांसाठी फॉस्फोरिक ॲसिड. ८५ टक्क्यांचा १ भाग ५ ते ६ भाग पाण्यात. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि गॉगल घाला. ब्रशने लावा, २० ते ३० मिनिटं ओलं राहील असं पाहा, घासा, धुवा, लगेच वाळवा. संडास साफ करायचं ॲसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं. सांध्यांत शिरलं की क्लोराइड तिथेच मुरतं, म्हणजे जे काढायला इतके दिवस धुतलं तेच आपण परत भरलं. फॉस्फोरिकही नीट धुतलं नाही तर वरचा इपॉक्सी नीट वाळत नाही, चिकट राहतो.

घोडीवाला

सुरुवात इंजिनापासून की पत्र्यापासून? दोन्ही नाही, चॅसिसपासून. चॅसिस गेलेली असेल तर बाकीचा खर्च कशाला करायचा?

हौदा उतरवा. तो चॅसिसला बांधणारे यू-बोल्ट कापावेच लागतील, ते नवेच घालायचे असतात. चॅसिसवर १ पौंडी हातोडीने दर ४ बोटांवर ठोका. चांगलं लोखंड टणकन वाजतं, गेलेलं थप्प वाजतं आणि हातोडीची खूण उमटते. जिथे शंका येईल तिथे एखाद्या मूळ भोकाच्या कडेला व्हर्नियरने जाडी मोजा आणि ती केबिनखालच्या चांगल्या भागाशी ताडून बघा. खड्डे वरवरचे असतील तर काम चालतं. लांब पट्ट्यात जाडी चौथ्या हिश्शाहून जास्त घटली असेल, तर माल वाहणाऱ्या गाडीसाठी मी ती चॅसिस ठेवणार नाही.

तीन जागा नीट बघा: मागच्या स्प्रिंगच्या पुढचा हँगर, हौद्याच्या लाकडी पट्ट्या चॅसिसवर बसतात ती वरची बाजू (ओलं लाकूड मीठ धरतं), आणि क्रॉस मेंबर जिथे रिव्हेट केलेत ते दुहेरी थर. दोन थरांमध्ये गंज फुगला की तो पत्रे ढकलून वेगळे करतो आणि रिव्हेट ताणले जातात. रिव्हेटच्या एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने ठोका. बोटाला हालचाल जाणवली तर तो रिव्हेट सैल आहे. तो छिन्नीने किंवा ड्रिलने काढा, मधला गंज साफ करा, भोक रीमरने गोल करा आणि घट्ट बसणारा ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा बोल्ट सेल्फ लॉकिंग नटसह घाला. भोकात सैल पडणारा साधा बोल्ट काही महिन्यांत भोक लंबगोल करतो.

चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग कधीही नको. भार तिथेच सगळ्यात जास्त असतो, आणि तडा वेल्डिंगच्या कडेपासूनच सुरू होतो.

पाटे: सेंटर बोल्ट सोडण्याआधी बाजूला दोन सी-क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे उसळतात. प्रत्येक पाटा वेगळा करून घासा, तडे बघा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधा. शॅकल पिन आणि बुश नवे घाला. पाट्यांचे यू-बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यावर शेवटचा ताणा, आणि भार घालून थोडी चालवल्यावर पुन्हा एकदा.

सह्याद्री_४x४

सुटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, दरवाजाच्या बिजागऱ्या, क्लॅम्प वगैरेंसाठी इलेक्ट्रोलिसिस करा. प्लास्टिकचं पिंप, लिटरला साधारण १० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. वजा टोक गंजलेल्या भागाला, अधिक टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर, आणि वायर काढण्याआधी चार्जर बंद. पाटे, स्प्रिंग आणि वरच्या ग्रेडचे बोल्ट यात घालू नका, हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं.

सगळं झालं की चॅसिसला खालून जळकं इंजिन ऑइल फवारा. आमच्याकडे सगळे तेच करतात, गंज येत नाही.

घोडीवाला

जळक्या ऑइलशी मी सहमत नाही. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, रबरी बुश आणि ब्रेकचे होज त्याने फुगतात, वर धूळ बसून लगदा होतो आणि तो ओल धरतो. पहिल्या पावसात निम्मं ऑइल जमिनीत आणि विहिरीत. चॅनलच्या आत आणि दरवाजांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) मारा. गंजावर काळं डांबरी अंडरकोटिंग मारणं तर याहून वाईट. ते वरून धडधाकट दिसतं आणि आत पत्रा संपतो.

पत्राकाम

रंगाबद्दल. रेड ऑक्साइड सोडा, दोन डब्यांचा झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर घ्या. मिसळायचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजाने हार्डनर वाढवू नका. दोन हात, वाळल्यावर प्रत्येकी साधारण ६० मायक्रॉन. हिशेब: डब्यावर घन भाग आकारमानाने ५० टक्के लिहिला असेल तर १ लिटरमध्ये ६० मायक्रॉनला कागदावर ८ चौरस मीटर होतात, फवाऱ्यात उडालेलं धरून ६ समजा. १५ चौरस मीटरला दोन हात म्हणजे ५ लिटर.

कडांना फवाऱ्याचा थर पातळ बसतो आणि गंज कडांपासूनच शिरतो. आधी सगळ्या कडा, बोल्टची डोकी, सांधे ब्रशने रंगवा, मग फवारा.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगवू नका, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. तुमच्याकडे त्याचा अर्थ दसऱ्यानंतर, सकाळी १० ते दुपारी ३.

फ्लोअर: आर्क वेल्डिंगने १ मिलिमीटरचा पत्रा जळतो. २ दिवसांसाठी मिग मशीन (तार आपोआप पुढे येणारं वेल्डिंग) भाड्याने आणा, ०.८ मिलिमीटरची तार. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत तिरकी पट्टी टाकून घ्या आणि दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, नाहीतर फ्लोअर कापल्यावर केबिन पसरतं आणि दरवाजा बसत नाही. गंज संपून चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा बसवा. वेल्डिंगचा एक टाका एका जागी, मग हातभर लांब दुसरा, अशा उड्या मारत जोडा. सलग रेघ ओढली की पत्रा वाकतो. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा वापरलात तर कडेचं जस्त घासून काढा, त्याच्या धुराने ताप येतो. सांध्यांवर दोन्ही बाजूंनी इपॉक्सी, मग सीम सीलर. लांबी (खळगे भरायची पुट्टी) इपॉक्सीच्या वर भरा, ३ मिलिमीटरहून जाड नको, आणि भोकावर तर नकोच. लांबी पाणी पिते.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या वायरी काढा. डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक असते, तिला वेल्डिंग घरी करायचं नाही.

नोझलपंप

इंजिन. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १०० मिलिमीटर स्ट्रोक, २९५६ सीसी. पोलादी मनाचं इंजिन आहे, पण तीन पावसाळ्यांनंतर थेट स्टार्टर मारू नका. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतील तर तुटतात, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

चारही नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये २५ ते ३० मिली डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं घाला, दोन दिवस ठेवा. मग क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून हाताने, आधी थोडं पुढे, थोडं मागे. अडलं तर जोर करू नका, अजून दोन दिवस द्या. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की पुढचं काम. इंजिनचं ऑइल आधी काढा: दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय, हेड गॅस्केट बघावं लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इनलाइन पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली सरकती पट्टी. उभ्या गाडीत तो जुन्या डिझेलच्या चिकट थराने जाम होतो, आणि पूर्ण डिझेलच्या स्थितीत जाम असेल तर सुरू होताच इंजिन बेफाम होतं, चावीने बंद होत नाही. पंपाच्या बाजूचं झाकण काढून रॅक बोटाने पुढे-मागे सरकतो का बघा, स्टॉप लिव्हर ओढल्यावर शून्यावर येतो का बघा. अडकत असेल तर पंप कॅलिब्रेशनला द्या. आणि तरीही पहिल्या स्टार्टला एअर फिल्टरचा पाइप काढून, तोंड झाकेल एवढी जाड फळी हातात घेऊन एक माणूस उभा ठेवा. हवा बंद झाली की इंजिन बंद होतं. हात किंवा फडकं लावायचं नाही.

हवा काढताना: नवे फिल्टर, फीड पंपाचा हातपंप मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, मग स्टार्टरवर नोझलचे नट एकेक ढिले करून. पहिल्यांदा टाकीऐवजी ५ लिटरच्या कॅनमधून स्वच्छ डिझेल द्या.

खाडीकाठ

खूप आभार, क्रम आता स्पष्ट झाला. दोन शंका: ब्रेकचे लोखंडी पाइप वरून गंजलेत पण गळत नाहीत, ठेवू का? आणि चॅसिस नंबरच्या जागी गंज आहे, तिथे काय करू?

घोडीवाला

पाइप ठेवू नका. दाब येतो तो तातडीच्या ब्रेकला, आणि खड्डा पडलेला पाइप नेमका तेव्हाच फुटतो. जुन्या मापाचा ब्रेकचा स्टील किंवा कॉपर-निकेल पाइप घ्या, टोकं डबल फ्लेअर करा (दुहेरी दुमडून पसरवा). फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप कंपनाने कडक होऊन तडकतो. व्हील सिलिंडर उघडून आत खड्डे असतील तर किट घालण्यात अर्थ नाही, नवे घ्या. होज नवे, ब्रेक ऑइल नवं, हवा सगळ्यात लांबच्या चाकापासून म्हणजे मागच्या डाव्यापासून काढा.

चॅसिस नंबरवर ग्राइंडर, तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लास्टिंग काहीही नको. आधी फोटो आणि कागदावर पेन्सिलचा ठसा घेऊन ठेवा. मग डिझेलमध्ये भिजवलेल्या नायलॉनच्या ब्रशने हलकं घासा, पुसा, पारदर्शक ग्रीसचा पातळ थर द्या आणि बाकी चॅसिस रंगवताना त्यावर चिकटपट्टी लावा. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, आणि तिथे तो नंबर वाचता आला पाहिजे. अंक आधीच पुसट असतील तर काम सुरू करण्याआधी आरटीओत अर्ज द्या. दुरुस्तीनंतर गेलात तर नंबर कोणी घासला याचा खुलासा तुम्हाला करावा लागेल. केबिनचा रंग बदलणार असाल तर त्याचीही नोंद आरसीवर करून घ्या.