'जॅकरॅबिट': नर ससा नव्हे, आणि 'जॅकरॅबिट स्टार्ट'मध्ये क्लचही नव्हे

प्रश्न
अमेरिकेतल्या वाहनचालकांसाठीच्या एका पत्रकात 'अव्हॉइड जॅकरॅबिट स्टार्ट्स' असं वाक्य आहे. 'नर सशासारखी सुरुवात टाळा' हा अनुवाद अर्थातच चालणार नाही. 'क्लच झटकन सोडू नका' असाही एक पर्याय पुढे आला आहे. मुळात जॅकरॅबिट म्हणजे काय, आणि मराठीत नेमकं काय लिहावं?

उत्तर
आधी 'नर' खोडा. इंग्रजीत 'जॅक' बऱ्याच प्राण्यांच्या नराला म्हणतात, म्हणून हा घोटाळा होतो. इथला 'जॅक' आला आहे 'जॅकअ‍ॅस'वरून, म्हणजे गाढवावरून. अमेरिकेच्या पश्चिम भागात गेलेल्या लोकांनी या प्राण्याचे लांबलचक कान पाहून त्याला 'जॅकअ‍ॅस रॅबिट' म्हणायला सुरुवात केली. अमेरिकी लेखक मार्क ट्वेनच्या १८७२ सालच्या 'रफिंग इट' या पुस्तकात हे पूर्ण नाव आहे आणि ते कसं शोभतं हेही त्याने सांगितलं आहे. पुढे गाढवाचा अर्धा भाग गळून 'जॅकरॅबिट' उरलं. त्यामुळे मादीसुद्धा जॅकरॅबिटच.

नावाचा दुसरा अर्धाही फसवा आहे. हा प्राणी इंग्रजीतला 'रॅबिट' नाही, 'हेअर' आहे; लेपस या प्रजातीतला. फरक असा: रॅबिट बहुधा बीळ करून राहतो, त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. हेअर बीळ करत नाही. झुडपाच्या आडोशाला किंवा गवतात उथळ खळगा करून बसतो आणि त्याची पिल्लं अंगभर केस, उघडे डोळे घेऊनच येतात, थोड्याच वेळात हिंडूफिरू लागतात. ती पोटात जास्त दिवस वाढतात हे त्यामागचं कारण. पाळीव सशाची मादी साधारण महिनाभरात विते, काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटला चाळीसहून अधिक दिवस लागतात. म्हणून अनुवादात 'जॅकरॅबिट बिळात शिरला' असं वाक्य आलं तर तिथे थांबून मूळ मजकूर पुन्हा पाहावा.

मराठीत मात्र दोघांनाही 'ससा' हा एकच शब्द आहे. इथे एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. महाराष्ट्राच्या माळरानात दिसतो तो ससा लेपस निग्रिकोलिस, म्हणजे हेअरच. पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा युरोपातल्या रॅबिटच्या वंशातला. तेव्हा जॅकरॅबिटसाठी 'रानससा' हा शब्द नुसता जवळचा नाही, शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर बसतो. पहिल्या उल्लेखात 'जॅकरॅबिट हा अमेरिकी रानससा' लिहावं, पुढे नुसतं जॅकरॅबिट.

(इंग्रजी नावांचा गोंधळ उलट दिशेनेही आहे: 'बेल्जियन हेअर' हा प्रत्यक्षात पाळीव रॅबिटचा वाण आहे.)

शंका
पण सगळेच ससे पळतात. मग गाडीच्या सुरुवातीला जॅकरॅबिटच का?

उत्तर
कारण तो आधी पळत नाही. धोका जाणवला की कान पाठीवर पाडून जमिनीला चिकटतो, अजिबात हलत नाही. कोयोट (लांडग्याच्या कुळातला अमेरिकी शिकारी प्राणी) किंवा माणूस अगदी जवळ आला की मग एका झेपेत उसळतो आणि नागमोडी पळतो. वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास जातो, एकेक झेप तीन मीटर किंवा त्याहून लांब पडते. मधूनच एक उडी मुद्दाम उंच मारतो, मागे कोण आहे ते बघायला. पळून बिळात दडायची सोय नाही, म्हणून हे सगळं पायांवरच निभवायचं. इंग्रजी वाक्प्रयोगाने यातला एकच क्षण उचलला आहे: पूर्ण स्थिरावस्थेतून थेट पूर्ण वेग.

कानांचा मात्र पळण्याशी संबंध कमी, उन्हाशी जास्त. उष्ण भागात कानांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सावलीत बसलेल्या प्राण्याच्या अंगातली उष्णता पाणी खर्च न करता बाहेर पडते. ॲरिझोना-सोनोराच्या वाळवंटातल्या अँटिलोप जॅकरॅबिटचे कान फार मोठे असतात, तर आणखी उत्तरेला, थंड गवताळ प्रदेशात राहणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या जॅकरॅबिटचे त्यामानाने आखूड. ही गोष्ट अनुवादात कामाची नाही, पण 'गाढवाचे कान' म्हणून हिणवलेला अवयव त्या प्राण्याला जगवतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उत्तर
मूळ वाक्याकडे येऊ. 'जॅकरॅबिट स्टार्ट' म्हणजे सिग्नल हिरवा होताच ॲक्सिलरेटर दाबून गाडी उसळवणे. 'क्लच झटकन सोडणे' लिहू नये. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आहेत, त्यांत क्लचचं पेडलच नसतं. शिवाय आपल्याकडे क्लच झटकन सोडला की गाडी गचका खाऊन बंद पडते, हा अर्थ नेमका उलटा होईल. दोष उजव्या पायाचा आहे.

असं का टाळायचं, हे पत्रकात पुढे बहुधा येईलच. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार आक्रमक चालवण्याने हायवेच्या वेगात १५ ते ३० टक्के, तर थांबत-थांबत जाणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के मायलेज घटू शकतं. नुकसान दोन ठिकाणी होतं. जोरात पेडल दाबल्यावर इंजिन जादा इंधन ओढतं; आणि असा वेग घेतलेली गाडी पुढच्या सिग्नलला ब्रेक मारून थांबवावी लागते, तेव्हा मिळवलेला वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जातो. कॅनडाच्या सरकारी सल्ल्यात मोजमापही दिलं आहे: थांबलेली गाडी ताशी २० किलोमीटरवर न्यायला ५ सेकंद घ्यावेत.

म्हणून माझा मसुदा: 'सिग्नल सुटताच गाडी उसळवू नका; पेडल हळूहळू दाबा.' ससा आणायची गरज नाही. 'सशासारखी उडी' वाचून मराठी वाचकाला टुणटुण उड्या दिसतात, झेप दिसत नाही.

पुरवणी
क्रियापद म्हणूनही वापर आहे: 'द सस्पेक्ट जॅकरॅबिटेड', म्हणजे संशयिताने एकदम धूम ठोकली. 'पोबारा केला'सुद्धा चालेल, पण त्यात गुपचूप निसटण्याची छटा येते आणि इथे तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळणं आहे. 'उसळून पळाला' मला सर्वांत जवळचं वाटतं. तुरुंगाच्या बोलीत 'जॅकरॅबिट परोल' म्हणजे कैद्याने स्वतःच घेतलेली सुटका, पलायन. या शब्दाला लैंगिक घाईचा एक ग्राम्य अर्थही आहे, तेव्हा विनोदी संवाद अनुवादताना संदर्भ तपासा.

'ससेहोलपट' हा शब्द इथे कुणी सुचवेल, म्हणून आधीच सांगते: नको. त्यातही पळणारा ससाच आहे, पण मराठीने त्याच्या बाजूने पाहिलं. पाठलागात इकडून तिकडे होणारी फरफट त्यात आहे. इंग्रजीला त्याच प्राण्याची फक्त पहिली झेप दिसली. निर्वासितांची ससेहोलपट होते, सिग्नलवरच्या गाडीची नाही.

शंका
'जॅकलोप' हाही जॅकरॅबिटच का?

उत्तर
शिंगं लावलेला जॅकरॅबिट. वायोमिंगमधल्या डग्लस गावी १९३० च्या दशकात भुसा भरलेल्या सशाला हरणाची शिंगं जोडून तो प्रसिद्ध झाला. नाव तसंच ठेवा. आपल्याकडे 'शशशृंग' आहेच, पण ते तर्कशास्त्रात अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचं उदाहरण. जॅकलोप भिंतीवर टांगलेला असतो.

शंका
आणि 'जॅकरॅबिट होमस्टेड'? त्याच मजकुरात पुढे आलं आहे.

उत्तर
हा कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातला शब्द. १९३८ च्या स्मॉल ट्रॅक्ट ॲक्टखाली सरकारने कमी उपयोगाच्या मानलेल्या जमिनीचे पाच एकरांपर्यंतचे तुकडे लोकांना दिले. अट अशी की त्यावर छोटंसं का होईना घर बांधायचं. ट्वेंटीनाईन पाम्सच्या परिसरात अशा केबिन अजून उभ्या आहेत, बऱ्याच ओस. 'सशांची वसाहत' लिहू नका. 'जॅकरॅबिट होमस्टेड, म्हणजे वाळवंटातली पाच एकरी केबिन' एवढं पुरे.