‘वाटप’ म्हणावं का? गर्भनिरोधकांच्या कामातला एक शब्द

वस्तीतल्या घराघरांत गोळ्या आणि कंडोम पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. ‘समुदायाधारित वितरण’ फार जड वाटलं, म्हणून सगळीकडे ‘वाटप’ केलं आणि चार पानांनंतर हात अडला. वाटण्यात ‘वाटा’ आहे. एकाजवळ ढीग, समोर रांग, ज्याचा त्याचा हिस्सा हातावर. जमिनीचं वाटप, बक्षिसांचं वाटप. ते एकदा झालं की झालं.

गोळ्यांचं तसं नसतं. पुष्कळ ठिकाणी पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 संप्रेरकांच्या आणि 7 लोहाच्या. कार्यकर्तीने पुढच्या भेटीत ते पाकीट हातात घेऊन कुठल्या दिवसापर्यंत गोळ्या गेल्यात ते बघायचं, मळमळतं का, मध्येच अंगावरून जातं का, ते विचारायचं. एवढं सगळं ‘वाटपा’त मावतं का?

— मावत नाही. मी या कामात पर्यवेक्षक होते, आमच्या वहीत रकानाच ‘वाटप’ होता. एका कार्यकर्तीचे आकडे सगळ्यांत चांगले. तिच्याबरोबर फिरले तेव्हा एका घरी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, तीन न फोडलेली पाकिटं निघाली. पहिल्याच महिन्यात त्रास झाला म्हणून त्या बाईंनी गोळ्या थांबवल्या होत्या, पण दारात आलेल्या ताईंना नाही कसं म्हणायचं म्हणून घेऊन ठेवत होत्या. वहीत खोटं काहीच नव्हतं. वाटप झालंच होतं! कामाच्या हिशेबात 15 पाकिटं किंवा 120 कंडोम म्हणजे एका जोडप्याचं वर्षभराचं संरक्षण धरतात. वर्षाला खरी 13 पाकिटं पुरतात, वरची दोन वाया जाणार हे धरूनच. पण कपाटातली तीन त्यात कुठे बसणार?

— ‘पोहोच’ कसा वाटतो?

— चांगला आहे, पण पोच म्हणजे पावतीसुद्धा. वस्तू हातात पडली, सही झाली, विषय संपला. पुन्हा तिथेच आलो. मी दोन शब्द वेगळे ठेवीन. गोदामातून कार्यकर्तीपर्यंत ‘पुरवठा’, आणि कार्यकर्तीकडून बाईपर्यंत साधं ‘देणं’. पुढच्या भेटीला ‘पाठपुरावा’ अजिबात नको. पाठपुरावा अडलेल्या अर्जाचा करतात. माणसाची ‘विचारपूस’ करतात.

‘लाभार्थी’ही काढून टाका. लाभ मागायला आलेला तो लाभार्थी, इथे तर आपण तिच्या दाराशी गेलेलो असतो. 1994मध्ये कैरोत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत लोकसंख्येच्या उद्दिष्टांऐवजी माणसाच्या हक्कावर आणि निवडीवर भर द्यायचं ठरलं, पण वह्यांतले शब्द मात्र उद्दिष्टांच्या काळातलेच राहिलेत, हे मला मनापासून खटकतं.

— ‘विचारपूस’ घेतला, आभार. रकाने आता ‘दिलं’, ‘चालू आहे’ आणि ‘थांबवलं, कशामुळे’ असे केलेत. तिसऱ्यात आधी ‘सोडलं’ लिहिलं होतं. पण औषध अर्धवट सोडलं म्हणतो तसा त्यात बाईवर ठपका येतो, आणि मूल हवं म्हणून थांबली असेल तर तो शब्द चक्क चुकीचा. ‘थांबवलं’मध्ये तसा ठपका कुणाला ऐकू येतो का?