काश्मीरचे गुलमर्ग, उत्तराखंडचे औली की हिमाचलचे सोलंग? पहिल्यांदा स्की शिकणाऱ्याने कुठे आणि केव्हा जावे?

मोर्शीकर
वणीच्या भाऊंनी काल लिहिले की, "स्की करायचे तर गुलमर्गलाच जा आणि नाताळच्या सुटीतच जा. गोंडोल्याने, म्हणजे केबल कारने, थेट वरच्या अफरवट डोंगरावर उतरलात की पैसे वसूल. औली-सोलंग ही पोरांची घसरगुंडी आहे." हे वाचून आपल्या विदर्भातली चार पोरे खरोखरच निघतील, म्हणून सविस्तर लिहितो.

काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि पुढे ४० दिवस चालतो. म्हणजे नाताळ ही कडाक्याची सुरुवात असते, आणि उतारावर भरवशाचा थर बसायला बहुतेक वर्षी जानेवारीचा मध्य उजाडतो. मी स्वतः डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन चुलतभावांना घेऊन सोलंगला गेलो होतो. नागपूरच्या एका एजंटाने बर्फाची हमी दिली होती. तिथे पिवळे गवत आणि चिखल होता, आणि भाड्याचे बूट पायांत घालून आम्ही दोन दिवस आभाळाकडे पाहत बसलो. कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातले पैसे होते ते.

दुसरी गोष्ट अफरवटची. गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे, तर गोंडोल्याचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर नेतो. तिथून खाली येणारे उतार बहुतांशी न दाबलेल्या, खोल बर्फाचे आहेत. ज्याला स्कीची टोके जवळ आणून वेग कसा मारायचा हेही येत नाही, त्याला तिथे स्की बांधून उतरवणे हा गुन्हा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच भागात हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीअर दगावला, आणि तो काही नवशिका नव्हता.

वणीकर
मोर्शीकर भाऊ, तुम्हाला एजंटाने फसवले याचा राग तुम्ही डोंगरावर काढत आहात. मी अफरवटवर गेलो, पडलो, गुडघा सुजवून घेतला, पण समोर नंगा पर्बत दिसला तो क्षण मी विसरणार नाही. आपल्या माणसाने चिखलदऱ्याच्या थंडीवरच समाधान मानावे का? आणि नाताळ मी हौसेने सुचवला नाही. मी शाळेत शिकवतो. फेब्रुवारीत बारावीची आणि मागोमाग दहावीची परीक्षा येते, तेव्हा रजा कोण देणार?

चांदूर बाजारचे गुरुजी
औलीला घसरगुंडी म्हणणे मला मान्य नाही. तिथे गढवाल मंडळ विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग भरतात, उतार नवशिक्यांना सोसणारा आहे आणि समोर नंदादेवी आहे. मात्र एक कबूल करावे लागेल. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचल्यावर तिथला रोपवे बंद झाला, त्यामुळे वर जायला रस्त्याचाच आधार उरला. शिवाय औलीच्या स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्याचेही आपण पाहिले आहे.

घाटंजीची ताई
आपण सगळे सुट्यांचा हिशेब मांडता, पण शेत कोणीच मोजत नाही. डिसेंबर-जानेवारीत वेचणीला बाया मिळत नाहीत, तूर कापणीला आलेली असते, आणि घरचा कर्ता माणूस दहा दिवस बर्फात? आमच्यासाठी जागा नंतर ठरते, आधी तारीख ठरते.

मोर्शीकर
ताई, फरदड (कापसाचे लांबवलेले पीक) घेतली नाही तर जानेवारीत मोकळीक मिळते. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभागही डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायला सांगतो.

घाटंजीची ताई
हा सल्ला ओलिताच्या आणि संत्र्याच्या पट्ट्यातून द्यायला सोपा आहे, दादा. आमच्या कोरडवाहूत शेवटच्या दोन वेचण्यांनीच दुकानदाराची उधारी फिटते. बोंडअळी मलाही कळते, दोन वर्षे तिने माझे शेत खाल्ले. पण पऱ्हाटी उपटून त्या जागी काय घ्यायचे, हे कोणी सांगत नाही.

वणीकर
ताई बरोबर बोलत आहेत. संत्रावाल्यांनी कापूसवाल्यांना शिकवू नये.

मोर्शीकर
संत्र्याला कमी घोर लागतो असे समजू नका. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडावर असतात आणि नेमकी तेव्हाच गारपीट येते. मूळ प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. ज्या पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे) गुलमर्गला बर्फ पडतो, तोच पुढे सरकून बंगालच्या उपसागराकडून आलेल्या दमट वाऱ्याला भेटला की आपल्याकडे गारा पडतात. तिकडे ताज्या बर्फाची बातमी आली की इकडे हरभऱ्याचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आपल्या माणसाने जानेवारीचा शेवटचा आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरावा. तूर घरात आलेली असते, हरभरा अजून हिरवा असतो आणि तिकडचा थर बहुधा बसलेला असतो.

चांदूर बाजारचे गुरुजी
"बहुधा" हा शब्द जपून वापरावा. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

मोर्शीकर
हे मान्य करतो. म्हणूनच आठवडाभर एकाच जागी राहून शिकण्याचा वर्ग निवडावा. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे आणि खालच्या मैदानात नवशिक्यांचे उतार आहेत. गुलमर्गला माझा विरोध कधीच नव्हता, फक्त पहिल्या दिवशी अफरवटवर चढण्याला होता. वाटही आता सुधारली आहे. २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे धावते, त्यामुळे बर्फाने जम्मूचा महामार्ग बंद झाला तरी वाटेत अडकून पडण्याची धास्ती कमी झाली.

वणीकर
नाताळचे माझे म्हणणे मागे घेतो, कारण २५ डिसेंबरला मलाही मैदानात जेमतेम वीतभर बर्फ मिळाला होता. अफरवटचे मागे घेणार नाही. शेवटच्या दिवशी स्की खाली ठेवून, नुसते पाहायला का होईना, वर जाऊन यावेच.

घाटंजीची ताई
स्की खाली ठेवून जाणार असाल तर माझी हरकत नाही. माझा मुलगा यंदा जाईन म्हणतो. त्याला सांगितले आहे की हरभऱ्याच्या सोंगणीच्या आत, १० फेब्रुवारीपर्यंत घरी यायचे. तिकडे कितीही चांगला बर्फ पडला तरी मुक्काम वाढवायचा नाही.