36 वॉटच्या ट्यूबला दोन चोक जोडले तर उजेड वाढेल का?

मागवाला_इचलकरंजी
यंत्रमागाच्या शेडमध्ये 4 फुटी पट्ट्या (ट्यूब बसवायच्या पत्र्याच्या फ्रेम) आहेत, कापडापासून साधारण 3 मीटर वर. टी-8 ट्यूब, 36 वॉट, कॉपर चोक, स्टार्टर. ट्यूबवर 36/54 छापलंय. रात्रपाळीत तुटलेला ताणा (उभा धागा) पटकन दिसत नाही, फणीजवळ (ताण्याचे धागे जिच्यातून जातात तिथे) तर फारच अंधार. एकाच ट्यूबला दोन चोक समांतर जोडले की उजेड वाढतो असं वायरमन म्हणतो. जोडणी कशी करायची? ट्यूब किती टिकेल? संध्याकाळी पट्टीजवळ 200-205 व्होल्ट मिळतात.

कॉइल_आणि_चोक
दादा, हे करू नका. 36 वॉटचा चोक म्हणजे साधारण 390 ओहमचा अडथळा. तो ट्यूबला 0.43 अँपिअरवर धरून ठेवतो. दोन समांतर जोडले की अडथळा निम्मा होतो आणि करंट 0.8 च्या पुढे जातो. उजेड वाढेल, पण दुप्पट नाही. काच साधारण 40 अंशांवर असते तेव्हा ट्यूब सर्वांत जास्त उजेड देते. त्याहून तापली की आत पाऱ्याची वाफ जास्त होते आणि तीच अतिनील किरण गिळायला लागते.

खरा मार बसतो टोकांना. स्टार्टर जुळतो त्या दोन-तीन सेकंदांत फिलामेंटमधूनही दुप्पट करंट जातो, त्यावरचा लेप उडतो, टोकं काळी पडतात. मग ट्यूब नुसती फडफडत राहते आणि स्टार्टर चिकटतो. होल्डरची पितळी पट्टी तापून प्लास्टिक पिवळं पडतं ते वेगळंच. आणि तुमच्या शेडमध्ये पट्टीवर कापसाचे तंतू बसतात. बंद पट्टीत दोन तापलेले चोक आणि वर कापूस, हे मला अजिबात पटत नाही.

परदेशी मत्स्यालयवाल्यांचे असे व्हिडिओ दिसतात, पण तिथे इन्स्टंट स्टार्ट इलेक्ट्रॉनिक चोकची आउटपुट एकत्र केलेली असतात. त्यात स्टार्टर नसतो, सर्किटच निराळं. ते आपल्या पट्टीला लागू नाही.

ल्युमेन_मोजा
उजेड तुम्ही ट्यूबमध्येच गमावताय. ट्यूबवरच्या 36/54 मधला 54 हा उजेडाच्या रंगाचा आकडा. 54 ची 36 वॉट ट्यूब साधारण 2500 ल्युमेन (उजेडाचं माप) देते. त्याच लांबीची, त्याच वॉटची, पण 865 रंग-आकड्याची ट्यूब देते 3250. चोक तोच, स्टार्टर तोच, बिल तेवढंच, उजेड 30 टक्के जास्त. सुताचा रंगही नीट ओळखू येतो.

दुसरं म्हणजे उंची. पट्टी 3 मीटरवरून 2 मीटरवर आणली तर तिच्या बरोबर खाली उजेड जवळपास दुप्पट होतो. साखळीवर टांगा, ट्यूब फणीच्या रेषेला समांतर आणि थोडी कामगाराच्या बाजूला घ्या, म्हणजे त्याचीच सावली कापडावर पडणार नाही. ट्यूबच्या वर पांढऱ्या पत्र्याचा रिफ्लेक्टर हवाच. नाहीतर अर्धा उजेड छताला जातो. मेन बंद करून आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा.

फेज_न्यूट्रल
व्होल्टेजकडे कुणी बघितलंच नाही. 230 ऐवजी 200 मिळाले तर चोकवरच्या ट्यूबचा करंट पाचव्या-सहाव्या हिश्श्याने पडतो आणि उजेडही जवळपास तेवढाच. सगळे माग चालू असताना आधी बोर्डावर मोजा, मग शेवटच्या पट्टीवर. बोर्डावर 225 आणि शेवटी 203 असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहेत. दिव्यांची लाइन मागाच्या मोटारींपासून वेगळी करा. बोर्डावरच 205 असेल तर वीज कंपनीकडे तक्रार करा.

चोक तपासायचा तर क्लॅम्प मीटर लावा. करंट लहान असतो, म्हणून चोकची वायर जबड्यातून पाच वेढे घ्या आणि आकड्याला पाचने भागा. 230 व्होल्टला 0.43 च्या आसपास यायला हवा. 0.55-0.6 आला तर चोकचे वेढे आतून शॉर्ट झालेत, बदला. पट्टीत कपॅसिटर असेल तर त्याच्या पुढे, म्हणजे चोकच्या बाजूला मोजा; मागे, म्हणजे लाइनच्या बाजूला मोजलात तर आकडा निम्माच दिसेल. कपॅसिटरने उजेड वाढत नाही, फक्त लाइनचा करंट कमी होतो.

शेजारशेजारच्या पट्ट्या तीन वेगळ्या फेजवर वाटा. चोकवरची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते, त्यामुळे फिरतं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं. हात जातो तो अशाच वेळी.

मागवाला_इचलकरंजी
दोन चोकांचा विचार सोडला. त्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसेल का?

कॉइल_आणि_चोक
बसेल. 20 वॉटची, 2000 ल्युमेनची चालेल, तिचा उजेड बहुतेक खालीच पडतो. चोक, स्टार्टर, कपॅसिटर तिन्ही काढा. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करा. मग ट्यूबवरचा स्टिकर वाचा: काहींना एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल लागतात, काहींना एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल. अंदाजाने जोडू नका. फेज स्विचमधूनच घ्या, अर्थिंग पट्टीच्या पत्र्याला.

शेवटी पट्टीवर ठळक लिहा: "फक्त एलईडी, चोक नाही". एकाच टोकाला वायरिंग असलेल्या पट्टीत उद्या कुणी जुनी ट्यूब लावली तर पूर्ण 230 व्होल्ट थेट फिलामेंटवर येतील.