मदत हवी आहे: 'माझ्याशी असं बोला' हे सहकाऱ्यांना कसं सांगायचं?

अर्धविराम
जरा तातडीचं आहे. आमच्याकडे मेसेजवरून सारखे गैरसमज होतात. मी "ठीक आहे." लिहिलं, तर समोरच्यांनी धरलं की मी चिडलोय. म्हणून माझ्या सवयी लिहून सगळ्यांना कळवल्या. आता तर कोणी काही विचारतच नाही! अशा नोटचा तयार नमुना असेल तर द्या. उद्या मीटिंग आहे. उपदेश नकोत.

कोपरा
टीम किती जणांची? एकत्र बसता की घरून? आणि नोटमध्ये लिहिलंय काय?

सरळसोट
नोटबिट सोडा. उठा, त्यांच्या टेबलापाशी जा, बोला. वीस वर्षं हेच करतोय.

कोपरा
@सरळसोट, टेबल आहे का, हेच तर विचारतोय.

अभ्यासू
क्रूगर, एपली आणि सहकाऱ्यांचा २००५ चा प्रयोग आहे. काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे, ईमेलवर पाठवली. पाठवणाऱ्यांना वाटलं ७८ टक्के वेळा सूर कळेल. कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे जवळपास छापा-काटाच. आवाजात ७३ टक्के.

सरळसोट
म्हणजे मी म्हणतो तेच. फोन उचला.

निळीखूण
फोन अजिबात नको, दचकायला होतं. आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा बंद करा. २०१४ ला त्या आल्या आणि "वाचलंस तरी उत्तर नाही" सुरू झालं. सेटिंग्ज, प्रायव्हसी, रीड रिसीट्स. ग्रुपमध्ये मात्र बंद होत नाहीत.

अर्धविराम
निळ्या खुणांचं कोणी विचारलं? आठ जण आहोत, तिघे घरून, त्यात मी. ही घ्या नोट:
"अचानक फोन करू नये. नुसतं 'हाय' लिहून थांबू नये, काम त्याच मेसेजमध्ये लिहावं. दुपारी २ ते ४ उत्तर मिळणार नाही. माझं उत्तर त्रोटक असल्यास मनाला लावून घेऊ नये."

उंटावरचा
ही नोट आहे की लिफ्टमधली पाटी?

कोपरा
पाठवली कधी?

अर्धविराम
त्या "ठीक आहे"च्या वादानंतर अर्ध्या तासाने. ग्रुपवर. वाद सीनियर मॅडमशी होता, पण नाव कुठेही घेतलं नाही.

उंटावरचा
अरे देवा.

कोपरा
नाव घ्यायची गरजच नव्हती! 'हाय'वाली ओळ योग्य आहे, पण चारही ओळींत दुसऱ्यांनी काय करावं एवढंच आहे. तुमचं कारण कुठे आहे? "२ ते ४ मी हिशेब जुळवतो, मेसेज बघत नाही, अगदीच अडलं तर फोन करा" असं लिहा. आणि खाली विचारा, तुम्हाला कसं बरं पडतं? मॅडमना मात्र आधी वेगळा फोन.

सरळसोट
फोन! शेवटी फोनच!!

निळीखूण
मुळात पूर्णविराम कशाला द्यायचा चॅटवर? रागावल्यासारखाच वाटतो.

उंटावरचा
शाळेत नाही दिला तर अर्धा मार्क जायचा. आता दिला तर माणूस जातो. धागाकर्त्यांनी स्वतःच्या आयडीतलंच चिन्ह वापरावं.

अर्धविराम
फोन केला. मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं, २ ते ४ माझ्यामुळेच बंद ठेवलंस." त्या रोज अडीचला अहवाल मागायच्या, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नोट काढून टाकली आहे.

नमुना अजून कोणीच दिलेला नाही