व्हीआरएसनंतर थीम पार्कात नोकरी हवी आहे, कोणी नीट सांगेल का?

मयेकाठ
नमस्कार. व्हीआरएस घेऊन चार महिने झाले. मला थीम पार्कात नोकरी करायची आहे, राईड ऑपरेटरची किंवा तसली. तीन ठिकाणी बायोडाटा पाठवला, एकाचंही उत्तर नाही. एका जाहिरातीत वय १८ ते ३० लिहिलं होतं, तरी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "अंकल, मुलासाठी विचारताय का?" अर्ज कुणाकडे करायचा, काही कोर्स लागतो का, एवढंच सांगा. "आता आराम करा" हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज मिळतो. सोमवारपर्यंत एक फॉर्म भरायचा आहे, म्हणून घाई आहे.

साखळीचा_सदा
वय किती? आधी काय करत होता? शिक्षण काय? गोव्यातच हवी की बाहेर चालेल? यातलं एकही लिहिलेलं नाही, मग सांगायचं तरी काय?
आणि गोव्यात थीम पार्क आहे कुठे? हणजूणचं स्प्लॅशडाऊन म्हणजे वॉटर पार्क. लोटलीचं बिगफूट लोक बघायला जातात, तिथे राईड चालवायला नाही. मिरामारचं सायन्स सेंटर केंद्र सरकारचं, तिथल्या भरतीची वाट वेगळी.

काजूबोंडू
व्हीआरएसचे पैसे आले असतील ना? मग नोकरी कशाला? तुमच्या मये गावाला तळं आहे, हिरवळ आहे. घराच्या दोन खोल्या नीट करा, पर्यटन खात्याकडे नोंदणी करा आणि होमस्टे सुरू करा. माझ्या मेव्हण्याने केलं. डिसेंबरात त्याच्याकडे खोली मिळत नाही.

मयेकाठ
होमस्टे नको. पाहुण्यांची उठबस बायकोच्या अंगावर पडेल आणि तिची तयारी नाही.
वय ५१. आयटीआय फिटर. खाणीवर होतो. गोव्यात मिळाली तर उत्तम, नाहीतर बाहेर जाईन. आता सांगा.

खोपोलीतली_पाच_वर्षं
मी मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका मोठ्या पार्कात ऑपरेशन्समध्ये होते, आता पर्वरीला असते. काका, ऑपरेटरचं काम कसं असतं ते आधी ऐका.
दिवसभर उभं राहायचं. प्रत्येक फेरीला प्रत्येक माणसाचा लॅप बार, म्हणजे मांडीवरचा दांडा, स्वतःच्या हाताने वर ओढून बघायचा. नुसतं डोळ्यांनी बघून पुढे जायचं नाही. दोन्ही बाजूंना उभ्या सहकाऱ्यांचा अंगठा वर आला की मगच बटण. हे दिवसातून शेकडो वेळा, आणि शेवटच्या फेरीलाही पहिल्यासारखंच. त्यात उंचीची पट्टी असते. पोरगं दोन बोटं कमी भरतं, बाप म्हणतो "माझ्या जबाबदारीवर सोडा". मागे शंभर माणसं रांगेत उभी असताना त्या बापाला नाही म्हणायचं. खरी नोकरी ही.
वयाची अट येते ती उभं राहण्यामुळे आणि पगारामुळे. त्या पगारात पोरं मिळतात. रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना यातलं काही तुमचं राहत नाही. मराठी, हिंदी, कोंकणी आणि कामापुरतं इंग्रजी येत असेल तर मात्र तुमची बाजू बळकट आहे. ते अर्जात पहिल्या ओळीत लिहा.

कायदा_सोडू_नका
दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.
एक, व्हीआरएसच्या रकमेवर पाच लाखांपर्यंत आयकराची सूट घेतली असेल, तर त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरायची नाही, अशी अट आहे. पार्क वेगळ्या मालकाचा असेल तर प्रश्न नाही.
दोन, ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन ५० नंतर लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितकी दर वर्षामागे ४ टक्के कपात. ५१ ला घेतलीत तर पाव हिस्सा तरी गेला, आणि तो आयुष्यभरासाठी गेला. नवीन नोकरीत जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या. सेवेची वर्षं जोडली जातील.

मयेकाठ
पेन्शनचं मी विचारलेलं नाही. पण ते यूएएनचं माहीत नव्हतं. मी नवीन काढणार होतो. धन्यवाद.

हणजूण_पंपरूम
खाणीवर होतो म्हणजे नेमकं काय? ट्रक चालवत होता, ऑफिसात होता, की प्लांटवर? मी अकरा वर्षं पंपरूममध्ये काढली आहेत, म्हणून विचारतो. यावर सगळं अवलंबून आहे.

काजूबोंडू
खाणीवाल्यांनी आमच्या गावची शेतं लाल केली, तेही लिहा. पावसात चिखल थेट वायंगणाच्या भातशेतात उतरायचा.

साखळीचा_सदा
काजूबोंडू, त्याला नोकरी हवी आहे, तुमच्या शेताचा निवाडा इथे होणार नाही. खाणी २०१२ ला बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर परत थांबल्या. भोगलं कुणी? ट्रकवाल्यांनी, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवाल्यांनी आणि ह्यांच्यासारख्या फिटरनी.

काजूबोंडू
शेतकऱ्यांनीही भोगलं, बाब. तेवढंच म्हणतो. ह्या बाबांचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नाही.

मयेकाठ
शेतांचं खरं आहे. माझ्या मामाचंही शेत गेलं. पण ते दुसऱ्या धाग्यावर बोलू.
पंपरूमवाले, तुम्ही नीट विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. १९९६ ला हेल्पर म्हणून लागलो, शेवटी मेकॅनिकल फोरमन. स्क्रीनिंग प्लांट, कन्व्हेअर आणि जेटीवरचा बार्ज लोडर माझ्याकडे. बेल्ट, रोलर, गिअरबॉक्स, ब्रेक, हायड्रॉलिक सगळं. चालू ड्रमच्या बेअरिंग हाऊसिंगला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडी कानाला लावायची, खरखर आली की त्याच शटडाऊनला बेअरिंग बदलायचं. माझ्या शिफ्टमध्ये बेल्ट तुटून माणूस कधी जखमी झाला नाही. २०१८ नंतर काम कमी कमी होत गेलं, अर्ध्या पगारावर बसून राहायचो. शेवटी व्हीआरएस आली ती घेतली.
आता राईडच का, तर गेल्या वर्षी एका जत्रेत नातीला पाळण्यावर बसवायला गेलो. रांगेत उभा असताना खालच्या कप्प्याच्या पिनेकडे लक्ष गेलं. स्प्लिट पिनेच्या जागी वाकवलेला खिळा होता. मी नातीला कडेवर घेतलं आणि चालवणाऱ्या मुलाला बाजूला बोलावून दाखवलं. मुलगा चांगला होता, चिडला नाही. पाळणा थांबवला, पेटीतून पिना काढल्या, मी पक्कड धरली आणि आम्ही बाराही कप्पे तपासले. आणखी एका ठिकाणी खिळा निघाला. मग नात बसली. ती वर गेली तेव्हा माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं, मी पिना मोजत होतो. घरी येईपर्यंत मनाशी ठरलं होतं की आपल्याला हेच काम करायचं आहे.

हणजूण_पंपरूम
अहो, मग ऑपरेटरसाठी अर्ज का करताय? तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.
तुमची जागा मेंटेनन्समध्ये. तिथे वयाचा प्रश्न एवढा येत नाही, कारण कानाने बेअरिंग ओळखणारी माणसं मिळत नाहीत. गेट उघडण्याआधी प्रत्येक राईड रिकामी फिरवतात. मेंटेनन्सवाला चेकलिस्टवर सही करतो, मगच राईड ऑपरेशन्सच्या ताब्यात जाते. ती सही तुमच्यासारख्याची हवी.
वॉटर पार्कात पंप, सँड फिल्टर, व्हॉल्व्ह हेच आयुष्य. स्लाईडच्या प्रत्येक जोडावर हात फिरवून बघायचा, कड वर आली असेल तर पोरांच्या पाठी सोलतात. आणि क्लोरीन. लोखंड इतकं खातं की बोल्ट बाहेरून शाबूत दिसतो आणि पाना लावला की डोकं हातात येतं. तुमच्या जेटीवरच्या खाऱ्या वाऱ्यात तेच होत असणार.
एचआरच्या फॉर्मवर बसू नका. चीफ इंजिनिअर किंवा मेंटेनन्स मॅनेजर कोण ते विचारा आणि त्याला भेटा. जूनपासून पावसात गर्दी ओसरते, तेव्हा मोठी दुरुस्ती निघते आणि माणसं घेतात.

खोपोलीतली_पाच_वर्षं
मला हे पटत नाही. मेंटेनन्सची माणसं पहाटे येतात किंवा पार्क बंद झाल्यावर रात्रभर असतात. ५१ व्या वर्षी रात्री उंचावर चढून हार्नेस लावून काम? ऑपरेशन्समध्येही पोक्त सुपरवायझर लागतात. माझ्या वेळी एक निवृत्त कंडक्टर होते, रांग त्यांच्या एका हाकेवर सरळ व्हायची.

हणजूण_पंपरूम
बार्ज लोडरवर हा माणूस काय जमिनीवर बसून होता का? उंचावर चढूनच आयुष्य गेलं त्याचं. वय माझंही ४९ आहे, चढतो रोज.

खोपोलीतली_पाच_वर्षं
चढता हे कबूल. पण गुडघ्याचं कुणी विचारलं का? काका, गुडघे कसे आहेत?

मयेकाठ
उजवा थंडीत धरतो. चढायला त्रास नाही, उतरताना होतो.

खोपोलीतली_पाच_वर्षं
मग हे भेटायला जाल तेव्हा आधीच सांगा. लपवून लागलात आणि वर अडकलात तर सगळ्यांचा जीव टांगणीला. त्यांना जमिनीवरचं वर्कशॉपचं काम देता येतं.

सुलभा_पर्वरी
मी भरतीचंच काम करते. बायोडाटाची पहिली ओळ काय लिहिली आहे?

मयेकाठ
"खाण कंपनीतून स्वेच्छानिवृत्त, योग्य संधीच्या शोधात."

सुलभा_पर्वरी
म्हणूनच कुणी पुढे वाचत नाही. निवृत्त हा शब्द शेवटी जाऊ दे. पहिली ओळ अशी करा: "मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये २८ वर्षं, शेवटी फोरमन. कन्व्हेअर, गिअरबॉक्स, ब्रेक, हायड्रॉलिक. माझ्या शिफ्टमध्ये बेल्ट तुटून एकही जखमी नाही." मग लॉक-आऊट, टॅग-आऊट (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावणं) आणि वर्क परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) काम केलं असेल तर ते. खाणीत ते काटेकोर असतं आणि पार्कवाल्यांना तेच हवं असतं. तुमच्या हाताखाली किती माणसं होती तो आकडा घाला. "अनुभव: मनोरंजन क्षेत्र" या रकान्यात "नाही" लिहून सोडू नका, तिथे जत्रेतल्या पिनेचं दोन ओळींत लिहा. मी वाचलं असतं तर फोन केला असता.
बाहेर जायची तयारी असेल तर बेंगळुरू आणि कोचीच्या वंडरला पार्कलाही पाठवा. आणि मुंबईत दरवर्षी आयएएपीआय या पार्कवाल्यांच्या संघटनेचं प्रदर्शन भरतं. राईड बनवणारे तिथे येतात. राईड उभारणी आणि सर्व्हिसिंगसाठी त्यांनाही फिटर लागतात.

कायदा_सोडू_नका
आयएस १५४७५ हे राईडच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक वाचून जा. मुलाखतीत त्याचं नाव निघालं तर समोरचा सावरून बसेल.

मयेकाठ
सगळ्यांचे आभार. घाईत मी काहीच नीट लिहिलं नव्हतं, तरी तुम्ही विचारत राहिलात.
काल रात्री बायोडाटा सुलभाताईंनी सांगितला तसा केला, मुलीने टाईप करून दिला. आज सकाळी एका पार्कला फोन लावून थेट मेंटेनन्स मॅनेजरला मागितलं. दोन वेळा लाईन फिरवली, तिसऱ्यांदा मिळाले. स्क्रूड्रायव्हरचं सांगितलं तर म्हणाले, "मंगळवारी सकाळी सातला या, ट्रायल रन असते, एक पंप आवाज करतोय तो ऐकून सांगा. सेफ्टी शूज घालून या." गुडघ्याचंही सांगितलं. ते म्हणाले, ते बघू.
नोकरी मिळाली असं नाही अजून. सोमवारचा फॉर्म तरीही भरणार आहे. आता एकच प्रश्न. डिचोलीहून सकाळी सातच्या आत म्हापशाच्या पुढे पोचायला बस आहे का? स्कूटर मुलगी नेते.

साखळीचा_सदा
डिचोली ते म्हापसा बस पहाटे मिळेल, पण म्हापशाहून पुढची वेळेवर मिळेल याचा भरवसा धरू नका. मी मंगळवारी मालाची गाडी घेऊन त्याच बाजूला जातो. साडेपाचला डिचोलीच्या बसस्टँडसमोर उभे राहा, पांढरी पिकअप आहे. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो.

हणजूण_पंपरूम
स्क्रूड्रायव्हर स्वतःचा घेऊन जा. तिथला आखूड असेल.

काजूबोंडू
सदा, गाडीत आणखी एक जागा आहे का? मलाही म्हापशाच्या बाजारात काजूची पोती उतरवायची आहेत.